खोटे न बोलणारे कुलूप

पांढरकवडा परिसरातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, हे यवतमाळ जिल्ह्याला आता नवे राहिलेले नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालते, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांच्या दातांवर पिवळट-तपकिरी डाग पडतात आणि पुढे सांधे, पाठ, मान आखडू लागतात. अशा पाण्यावर आरओ यंत्र हा एक उपाय आहे. नाणे टाकून कॅन भरून घ्यायची ‘पाण्याची एटीएम’ विदर्भातल्या अनेक गावांत दिसतात ती त्यामुळेच. या यंत्रात पाणी गाळणाऱ्या पडद्यांना मोठा पैसा लागतो. नाण्यांच्या पेटीचे कुलूप मात्र बहुधा सर्वांत स्वस्तातले असते. पेटी फुटली की देखभालीचा पैसा जातो, पैसा गेला की यंत्र बंद पडते आणि माणसे पुन्हा जुन्या हातपंपावर येतात. एका बोटभर कुलपाचा आरोग्याशी संबंध येतो तो असा.

किल्लीशिवाय कुलूप उघडणे हा गेल्या काही दशकांत अनेक देशांत रीतसर छंद झाला आहे. कोडे सोडवावे तसे हे लोक कुलूप सोडवतात. त्यांचे दोन नियम ठरलेले आहेत. कुलूप स्वतःचे असावे, नाहीतर मालकाची परवानगी असावी; आणि रोजच्या वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही. दुसऱ्याचे कुलूप परवानगीशिवाय उघडणे हा गुन्हाच आहे. या छंदातून एक गोष्ट सगळ्यांसमोर आली. बाजारातली साधी कुलपे, त्यातही नाण्यांच्या यंत्रांवरची, सरावलेल्या हाताला फार वेळ अडवू शकत नाहीत. मग कुलपावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत एका माणसाने मनावर घेतला. त्यांचे आडनाव आपल्या घरातल्या लोखंडी कपाटाच्या दारावर अजून वाचायला मिळते. ते म्हणजे अर्देशिर बुर्जोरजी गोदरेज.

अर्देशिर यांचा जन्म मुंबईत २६ मार्च १८६८ रोजी एका पारशी कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले. ते लहान असतानाच वडिलांनी घराण्याचे जुने आडनाव बदलून गोदरेज असे केले. अर्देशिर कायदा शिकले. याच काळात घरावर मोठा आघात झाला. १८९१ मध्ये मुंबईतल्या राजाबाई टॉवरवरून पडून त्यांच्या तरुण पत्नी बाचूबाई यांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणाची तेव्हा शहरभर चर्चा झाली. अर्देशिर यांनी पुन्हा लग्न केले नाही. त्यांना मूलबाळ नव्हते.

१८९४ मध्ये एका सॉलिसिटर कंपनीने त्यांना पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारला एक खटला चालवायला पाठवले. खटला चांगला चालला होता. पण एका टप्प्यावर अशिलाच्या बाजूने काही विधाने करायची वेळ आली आणि ती खरी आहेत याची अर्देशिर यांना खात्री पटेना. वकिलाने अशिलाची बाजू मांडायची असते, खरे-खोटे न्यायालय बघेल, ही रीत त्यांना मान्य झाली नाही. त्यांनी नकार दिला, खटला सोडला आणि मुंबईला परतले. वकिलीही तिथेच संपली. तेव्हा त्यांचे वय जेमतेम २६ होते.

परतल्यावर ते एका औषधांच्या दुकानात सहायक म्हणून काम करू लागले. तिथे त्यांना शस्त्रक्रियेच्या उपकरणांत रस निर्माण झाला. चाकू, चिमटे, कात्र्या अशी उपकरणे त्या काळी विलायतेतून येत. ती इथे का होऊ नयेत, असा त्यांचा सवाल होता. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपये कर्जाऊ घेऊन त्यांनी उपकरणे तयार करायला सुरुवात केली. माल चांगला उतरला. ज्या कंपनीसाठी तो बनवला होता तिलाही तो पसंत पडला. अडचण आली ती नावाची. कंपनीला त्यावर भारतात तयार झाल्याची खूण नको होती, तशी खूण असलेला माल खपणार नाही असे तिचे म्हणणे होते. अर्देशिर यांना ती खूण हवीच होती. दोघांपैकी कोणीच मागे हटले नाही आणि धंदा बुडाला. दुसऱ्यांदा खरे बोलण्याची किंमत त्यांनी मोजली होती, या वेळी कर्ज काढून.

त्यानंतर मुंबईतल्या वाढत्या घरफोड्यांची बातमी त्यांच्या वाचनात आली. कुलपे नीट नाहीत, अशी तक्रार तेव्हा सर्रास होती. बाजारात एकीकडे महाग विलायती कुलपे होती, दुसरीकडे हाताने घडवलेली स्वस्त कुलपे. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागायचीही. अर्देशिर यांनी कुलपांचा अभ्यास सुरू केला. कामा यांनी पुन्हा मदत केली. कामा यांचे एक नातलग बॉइस काही काळ धंद्यात भागीदार झाले. ते लवकरच बाहेर पडले, पण कंपनीच्या नावात ते कायमचे राहिले.

त्या काळातली कुलपांची विद्या समजून घ्यायची तर थोडे मागे, इंग्लंडला जावे लागते. तिथे जोसेफ ब्रामा या कारागिराच्या कारखान्याने आपले एक कुलूप दुकानाच्या काचेत मांडले होते आणि ते उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस लावले होते. कित्येक दशके ते कोणाला उघडता आले नाही. १८१८ मध्ये जेरेमाया चब यांनी वेगळ्या तऱ्हेचे कुलूप काढले. त्यात कोणी चुकीचे अवजार घालून छेडछाड केली तर आतला एक भाग अडकून बसायचा. मालकाने आपली किल्ली लावली की ती लगेच फिरत नसे आणि कोणीतरी हात घातला होता हे त्याला कळायचे. पुढे १८५१ मध्ये लंडनच्या भव्य प्रदर्शनाला आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकी कुलूपकार आला. त्याने चब यांचे कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडले. ब्रामाच्या कुलपावर त्याने दोन आठवड्यांहून जास्त दिवसांत मिळून सुमारे पन्नास तास खर्च केले आणि तेही उघडले. इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. अशा युक्त्या उघड करणे म्हणजे चोरांना शिकवणे, असे काही जणांना वाटले. हॉब्ज यांचे उत्तर असे, की चोरांना त्या आधीच ठाऊक असतात, अंधारात असतो तो सामान्य ग्राहक. आजही संगणक सुरक्षेच्या जगात हाच वाद चालतो.

हॉब्ज यांनी जे केले त्यामागे एक साधे तत्त्व आहे. लिव्हरच्या कुलपात एकावर एक पातळ पट्ट्या असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येक लिव्हरला एक खाच असते. किल्ली फिरवली की तिचा एकेक दात एकेक लिव्हर ठरावीक उंचीवर उचलतो. सगळ्या खाचा एका ओळीत आल्या की सरकत्या दांड्यावरची खुंटी त्यांतून पुढे जाते आणि कुलूप उघडते. एक लिव्हर जरा खाली राहिली किंवा जरा जास्त उचलली गेली तरी खुंटी अडते. कागदावर हे अभेद्य वाटते. पण हाताने किंवा ढिल्या यंत्रावर बनवलेल्या पट्ट्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात, केसाएवढा फरक राहतोच. त्यामुळे दांड्यावर हलका दाब दिला की खुंटी सगळ्या लिव्हरवर एकदम टेकत नाही, एकीवर आधी टेकते. जाणत्या हाताला ती जड लागते. ती जागेवर बसली की दुसरी जड लागते. कोडे एकदम सोडवावे लागत नाही, ते तुकड्यातुकड्याने सुटते. म्हणजे कुलूप फितूर होते ते कारखान्यातल्या ढिलाईमुळे. जितके काम अचूक, तितकी ही चाहूल कमी. लिव्हर जितक्या जास्त, तितका वेळ जास्त.

७ मे १८९७ रोजी अर्देशिर यांनी मुंबईत लालबागला, गॅस कंपनीशेजारी, सुमारे २१५ चौरस फुटांच्या एका शेडमध्ये कुलपांचे काम सुरू केले. गुजरात आणि मलबारकडचे डझनभर कसबी कारागीर त्यांनी जमवले. पहिल्या कुलपांवर नांगराची खूण होती. प्रत्येक कुलपासोबत हमी दिली जायची, की याची किल्ली दुसऱ्या कुठल्याही कुलपाला लागणार नाही. दहाव्या माणसाच्या घरची किल्ली आपल्या दाराला लागण्याची धास्ती असलेल्या शहरात ही हमी मोठी होती. शस्त्रक्रियेची उपकरणे घडवताना हाताला लागलेला काटेकोरपणा इथे कामाला आला असेल, असे मानायला जागा आहे. चिमट्याच्या दोन टोकांत फट राहिली तर तो चिमटा निकामी. कुलपाचेही तसेच.

पुढच्या काही वर्षांत त्यांनी दोन खास कुलपे काढली. एकाला दोन किल्ल्या होत्या. दोन्हींनी ते उघडायचे आणि लागायचे, पण एक किल्ली अशी होती की ती वापरून आतली रचना बदलता येई आणि मग दुसरी किल्ली निरुपयोगी होई. नोकराकडे किल्ली दिली आणि भरवसा उडाला, तर कुलूप न फेकता किल्ली बाद करता येत होती. दुसरे कुलूप चब यांच्या वाटेचे, ‘डिटेक्टर’. त्यात चुकीची किल्ली घातली तर आतला खटका पडायचा आणि तो मालकाच्या खऱ्या किल्लीनेच पूर्ववत व्हायचा. म्हणजे रात्री कोणी हात घातला असेल तर सकाळी कुलूपच ते सांगायचे. ज्या माणसाने न्यायालयात संशयास्पद विधान करायला नकार दिला, त्याच्या हातून साक्ष देणारे कुलूप घडावे, हा योगायोग छान आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी स्प्रिंग नसलेले कुलूप तयार केले आणि त्याचे पेटंट घेतले. नेहमीच्या कुलपात प्रत्येक लिव्हरला जागेवर दाबून धरणारी बारीक स्प्रिंग असते. ती थकते, गंजते, तुटते. एक स्प्रिंग तुटली की खऱ्या किल्लीनेही कुलूप उघडत नाही. जो भाग आधी निकामी होतो तोच काढून टाकायचा, ही यंत्रशास्त्रातली शहाणी वाट आहे.

कुलपानंतर तिजोरी आली. १९०२ मध्ये पहिली तिजोरी विकली गेली. तिजोरीला दोन शत्रू असतात, चोर आणि आग. आगीत पोलादी पेटी स्वतः टिकते, पण आतली हवा तापते आणि कागद जळण्याआधीच करपून काळा पडतो. म्हणून तिजोरीच्या दुहेरी भिंतींत पाणी धरून ठेवणारा क्षारयुक्त भराव घालण्याची पद्धत आहे. आच लागली की त्या भरावातले पाणी वाफ होऊन निघते. पाण्याची वाफ व्हायला भरपूर उष्णता लागते, ती भिंतीतच खर्च होते आणि आतला भाग बराच वेळ कमी तापमानावर राहतो. घाम आल्यावर अंग थंड होते तेही याच तत्त्वावर. तिजोरीची खरी परीक्षा अर्देशिर यांच्या निधनानंतर झाली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट झाला आणि आसपासच्या वस्तीत आग पसरली. त्या राखेतून काढलेल्या गोदरेज तिजोऱ्यांमधले कागद शाबूत निघाल्याचे सांगितले जाते.

स्वदेशीच्या चळवळीत अर्देशिर यांची भूमिका थोडी वेगळी होती. स्वदेशी माल वापरा, हे त्यांना पूर्ण मान्य होते. पण कच्चा माल केवळ देशी आहे म्हणून लोकांनी सोसावा, हे त्यांना पटत नव्हते. देशी माल चांगला असला पाहिजे आणि तो चांगला आहे म्हणून घेतला गेला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. या मुद्द्यावर मोठ्या नेत्यांशीही त्यांचे मतभेद झाले. मतभेद असले तरी हात आखडता नव्हता. टिळकांच्या नावाने उभारलेल्या स्वराज्य निधीला त्यांनी तीन लाख रुपये दिले. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. आपल्या जिल्ह्याला हा काळ परका नाही. वणीत जन्मलेले आणि यवतमाळला वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे टिळकांचेच अनुयायी होते.

पहिल्या महायुद्धानंतर अर्देशिर पुन्हा आरोग्याच्या वस्तूकडे वळले. साबण म्हणजे चरबी किंवा तेल आणि अल्कली यांच्या रासायनिक क्रियेतून तयार होणारा क्षार. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याशी सलगी करते, दुसरे तेलकट मळाशी, म्हणून मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. तेव्हाच्या साबणांत प्राण्यांची चरबी सर्रास असे आणि अनेक घरांत त्यामुळेच साबण निषिद्ध होता. चरबीचा साबण कडक होतो, वनस्पती तेलाचा मऊ पडतो, ही तांत्रिक अडचण होती. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत ऑलिव्ह तेलाचा साबण जुना आहे, पण भारतात परवडेल असा चरबीविरहित साबण कारखान्यात काढणे ही वेगळी गोष्ट होती. अर्देशिर यांनी वनस्पती तेलापासून साबण केला. त्याचे नाव होते ‘चावी’. कुलूपवाल्याचा साबण म्हणून लोकांना ते पटकन समजले असणार. ज्या घरांत धर्मभावनेमुळे साबण चालत नव्हता, त्या घरांत या चावीने तो पोचण्याची सोय झाली. हात धुण्याच्या सवयीइतका स्वस्त प्रतिबंधक उपाय आजही दुसरा नाही.

धाकटे भाऊ पिरोजशा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच धंद्यात आले होते. अर्देशिर नवे शोधायचे आणि पिरोजशा ते उभे करायचे, अशी कामाची वाटणी झाली. १९२८ मध्ये अर्देशिर यांनी सगळा कारभार भावाच्या हाती दिला आणि स्वतः शेतीचे प्रयोग करायला नाशिककडे गेले. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे, विक्रोळीच्या कारखान्यात, देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांहून अधिक मतपेट्या तयार झाल्या. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीच्या वेळी यवतमाळ मध्य प्रदेशात होते. एका पेटीची किंमत इतकी कमी ठरली होती की बाहेरून वेगळे कुलूप लावणे परवडत नव्हते, म्हणून आतूनच लागणारी रचना करावी लागली. मतपेटी आणि नाण्यांची पेटी या सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हींना वर एक फट असते. आत टाकलेले बाहेर काढता येऊ नये, एवढेच दोघींचे काम. पण मतपेटीचा भरवसा एकट्या कुलपावर नसतो, तो तिच्या सीलवर असतो. सील तुटले की छेडछाड झाल्याचे सगळ्यांना दिसते. डिटेक्टर कुलूप वेगळ्या पद्धतीने हेच करत होते.

नाण्यांच्या यंत्रात नेमकी हीच गोष्ट बहुतेक वेळा नसते. हे यंत्र तसे फार जुने. अलेक्झांड्रियाच्या हीरोने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मंदिरासाठी अशा एका यंत्राचे वर्णन केले होते. नाणे एका दांडीच्या टोकावर पडायचे, दांडी झुकायची, झडप उघडायची आणि तीर्थ मिळायचे. त्या यंत्राला नाणे ओळखता येत नव्हते, फक्त वजन कळत होते. पुढच्या काळातली साधी यंत्रेही लोखंडी वॉशरला फसत आली. दुसरी कमजोरी किल्लीची. पैसे गोळा करणारा माणूस एक आणि यंत्रे अनेक, म्हणून सगळ्यांना एकच किल्ली ठेवली जाते. एक किल्ली हरवली किंवा तिची नक्कल झाली की सगळी यंत्रे उघडी पडतात. प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी ठेवायची, हा अर्देशिर यांचा पहिलाच नियम इथे मोडला जातो. तिसरी कमजोरी पैशांची. पेटीत थोडीच रक्कम असते, म्हणून कुलपावर खर्च होत नाही, आणि रक्कम रोज न काढल्यामुळे ती थोडी राहत नाही.

गावातल्या पाणी समितीला यावर महागडा उपाय लागत नाही. प्रत्येक यंत्राला वेगळ्या किल्लीचे चांगल्या लिव्हरचे कुलूप घ्यावे. पेटी रोज, दोघांच्या समोर रिकामी करावी. किती नाणी पडली हे मोजणारा आकडा यंत्रात असेल तर तो आणि पेटीतली रक्कम एकाच वहीत लिहावी. पेटीवर सही केलेली कागदी पट्टी चिकटवावी. कुलूप न उघडण्याची हमी जगात कोणीच देऊ शकत नाही, हे हॉब्ज यांनी १८५१ मध्येच दाखवले. कुलूप वेळ मिळवून देते आणि चांगले कुलूप, चांगली वही, चांगले सील हे हात लागल्याचे लपवत नाही. एवढे झाले तरी पेटीतला पैसा पडदे बदलायला उरतो आणि हातपंपाच्या पाण्याकडे परत जायची वेळ येत नाही.